साधू आगाशेच्या हातातलं पिस्तूल कुठलं?

परवा रूमवर 'अब तक छप्पन' (2004, दिग्दर्शक शिमित अमीन) पुन्हा लावला. नाना पाटेकरांचा साधू आगाशे पिस्तूल काढतो आणि आमच्यात वाद सुरू: हे ब्राउनिंग की आपलं देशी 9 एमएम? पॉज, झूम, स्क्रीनशॉट सगळं झालं. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांनी हा वाद जरा नीट बघावा असं मला वाटतं.

ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं 9 एमएम पिस्तूल मुळात ब्राउनिंग हाय-पॉवरच्याच आराखड्यावर बनलेलं आहे. अंधुक फ्रेममध्ये फरक कसा दिसणार? त्यातून सेटवर डमी वापरली असेल तर विषयच संपला. म्हणजे फ्रेमवरून 'साधारण या घडणीचं' इतकंच म्हणता येतं. याला वर्गलक्षण म्हणू. 'नेमकं हेच पिस्तूल' म्हणायचं तर धातू हातात लागतो.

आकुर्डीत राहणाऱ्याला हे समजावणं सोपं आहे. एमआयडीसीतल्या कुठल्याही शॉपमध्ये जा. जुना टर्नर जॉबवरच्या रेघा बघून सांगतो, इन्सर्ट चिपलाय. कठीण टूल मऊ धातूवर आपली खूण सोडतं. इथे बंदुकीची नळी हे टूल आणि गोळी हा जॉब. गोळीला फिरकी मिळावी म्हणून नळीच्या आत पीळदार खाचा असतात. खाचा किती आणि पीळ डावा की उजवा, हे त्या मॉडेलच्या सगळ्या पिस्तुलांत सारखंच, म्हणजे पुन्हा वर्गलक्षण. पण खाचा पाडताना आणि पुढे वापरताना पडलेले बारीक ओरखडे त्या एका नळीचे. संशयित शस्त्रातून चाचणीची गोळी झाडतात आणि दोन्ही गोळ्या तुलना सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवतात. पुंगळीवरही फायरिंग पिनची खूण उमटते. (पुंगळी पिस्तूल बाहेर फेकतं, रिव्हॉल्व्हर पोटात ठेवतं. हिरोच्या हातात रिव्हॉल्व्हर आणि फरशीवर पुंगळ्यांचा सडा दिसला तर खुशाल हसा.) गावठी कट्ट्याच्या नळीत बरेचदा खाचाच नसतात, तिथे पुंगळीवरच भिस्त.

आता खरी अडचण. दोन गोळ्या 'सारख्या' म्हणायला किती रेघा जुळायला हव्यात? हे बऱ्याच अंशी तज्ज्ञाची नजर ठरवते. 2016 मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने नेमकं इथेच बोट ठेवलं. तपासनीसाला उत्तर माहीत नसताना त्याची चूक किती वेळा होते, हे मोजणारे अभ्यास पुरेसे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या प्रयोगात इन्स्ट्रुमेंटची एरर विचारतात, तसंच हे.

आपल्याकडे हा प्रश्न नुसता प्रयोगशाळेतला नाही. 1995 ते 1997 दरम्यान मुंबईत झालेल्या सुमारे 99 पोलीस चकमकींत 135 च्या आसपास माणसं मेली. त्यावरच्या पीयूसीएलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी 16 मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: गोळ्या-पुंगळ्या जपा, संबंधित पोलिसांनी शस्त्रं तपासणीसाठी जमा करावीत, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा. दुसरं ठाणं का? ज्याने प्रयोग केला त्यानेच पेपर तपासू नये म्हणून.

आणि समजा गोळी जुळली. तरी कळतं एवढंच की ती या नळीतून सुटली. चाप कोणी ओढला हे शस्त्र कोणाला दिलं होतं त्या नोंदीवरून आणि हातावरच्या अवशेषांवरून शोधायचं. किती अंतरावरून झाडली ते जखमेभोवतीची काजळी आणि दारूचे कण सांगतात. समोरच्याने खरंच आधी शस्त्र उचललं होतं का, हे गोळी कधीच सांगत नाही. सिनेमात आपल्याला ते माहीत असतं, कारण कॅमेरा तिथे होता.

रूममेट अजून ब्राउनिंगवरच अडलाय. त्याला म्हटलं, आवाज बंद करून तोच सीन परत बघ आणि वहीत दोन रकाने कर: 'दिसलं' आणि 'मी जोडलं'. दहा मिनिटांत दुसऱ्या रकान्याचं पान भरलं. पहिल्यात चार ओळी होत्या.