गेमच्या मोफत बक्षिसाला अटी कशाला?

कोरपना, गडचांदूर, नांदा या सिमेंटच्या पट्ट्यातली पोरं सुट्टीत बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स खेळतात. ‘मोफत यूसी’, ‘मोफत डायमंड’ असं दिसलं की लगेच नाव टाकतात आणि पुढे अट निघते: वय 18 पूर्ण हवं, अमुक राज्यातले अपात्र. पोरांना हा अन्याय वाटतो. पण प्रत्येक अट अन्यायाची नसते.

वयाच्या अटीमागे 1872 चा करार कायदा आहे. अल्पवयीनाने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही. राज्याच्या अटीलाही कारण असू शकतं. कित्येक बक्षीस योजनांच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘तमिळनाडूत लागू नाही’ असं लिहिलेलं असतं, कारण तिथे 1979 पासून बक्षीस योजनांना बंदी घालणारा कायदा आहे. एका खेळाडूची एकच नोंद, ही अट तर हवीच. नाहीतर दहा खोटी खाती उघडणारा सरळ पोरांची संधी खातो.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टींची: नाव घेतल्यावर नियम बदलणं, ‘आधी काही विकत घ्या’ म्हणणं, निकालच न लावणं. मोफत बक्षिसाची योजना संपल्यावर सहभागी लोकांपासून निकाल दडवणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याची तक्रार 1915 वर करता येते.

आईवडिलांनो, बक्षिसासाठी कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता 1930 ला फोन लावा.