रेसवर पळते, स्लोला मरते

चोक ओढून चावी फिरवली की प्रीमियर पद्मिनी तशी लगेच सुरू होते. ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत आवाजही चांगला. पाय काढला की दोन-तीन हिसके आणि गप्प. गॅरेजमध्ये गेल्यावर मालक सांगतो, 'गाडी स्लो पकडत नाही', आणि पुष्कळदा उपायही चटकन होतो. थ्रॉटलचा स्क्रू आवळून रेस वाढवली जाते, गाडी बंद पडायची थांबते. हा उपाय मला फसवणुकीच्या जवळ जाणारा वाटतो, कारण आजार तसाच राहतो आणि पेट्रोल मात्र जास्त जळतं.

चोकवर सुरू होते, मग नंतर का मरते, याचं उत्तर कार्ब्युरेटरच्या पोटात आहे. इंजिन स्लोला असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. वरून जाणारी हवा इतकी कमी, की मेन जेटमधून पेट्रोल ओढलंच जात नाही. तेव्हा सगळा भार स्लो जेटवर. हे पितळेचं इवलंसं नळकांडं, आणि त्याचं भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. चोक ओढला की हवेची वाट अडते, खेच वाढते, मेन जेटही पेट्रोल देतो, म्हणून गाडी बोलते. चोक आत ढकलला की स्लो जेटची परीक्षा सुरू. अर्धा चोक ओढून गाडी टिकत असेल तर तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय, एवढं बॉनेट न उघडताच कळतं. उलट सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची सुई गळतेय का ते पाहावं. फ्लोट काढून कानाजवळ हलवावा. आत खळखळ ऐकू आली तर तो भोक पडून बुडालेला.

जुन्या मेकॅनिकांचा पहिला संशय मात्र वेगळा असे. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघालेली आणि पुढे पद्मिनी झालेली ही गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून दिवसरात्र पळायची. पळत्या गाडीत पेट्रोल साचून राहत नाही. झिजतात ते भाग. त्यामुळे आधी डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, प्लग, टॅपेट पाहायचे. मग थ्रॉटलचा दांडा बोटांनी हलवायचा. तो खडखडला, तर त्याच्या बाजूने हवा आत शिरतेय. कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगभोवती जाड ऑइलचे थेंब सोडायचे. इंजिनचा आवाज बदलला की चोर सापडला.

३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून चालत नाही. उरल्या त्या हौशी लोकांच्या, आणि त्या रविवारी निघतात, बाकी वेळ कव्हराखाली. उभ्या गाडीत कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. तो सगळ्यात आधी स्लो जेटच्या भोकात बसतो. म्हणून आता क्रम उलटा करायला हवा: करंट एकदा तपासला, की थेट जेट. जेट उघडून उजेडासमोर धरावा. भोकातून प्रकाशाचा स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. तो अर्धवट किंवा वाकडा दिसला तर कचरा आहे. कार्ब क्लीनरमध्ये भिजवून कॉम्प्रेसरची हवा मारावी. तार कधीच घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि तेव्हापासून ती गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. 'सुई मारून दिली' असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात.

अलीकडे इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन मुळातच असतो, त्यामुळे तोच जेट पूर्वीपेक्षा पातळ मिश्रण देतो. शिवाय जुन्या टाकीतला मळ सुटतो, जुन्या रबरी नळ्या फुगतात, आणि तो मळ फिल्टर गाठतो किंवा पुढे सरकतो. जेट साफ केल्यावर आठवड्यात पुन्हा तीच तक्रार आली, तर दोष टाकीत आणि नळ्यांत शोधावा. टाकी धुऊन, नळ्या बदलून, फिल्टर नवा टाकूनच शेवटी मिश्रणाचा स्क्रू लावावा: गरम इंजिनावर, चोक पूर्ण आत असताना, आधी इंजिन डळमळेपर्यंत आत, मग आवाज सरळ होईपर्यंत हळूहळू बाहेर. आणि सुरुवातीला आवळलेला तो थ्रॉटलचा स्क्रू, आता सैल करावा.