गरम पाण्याचे सुख आणि साराची वाटी

लहानपणी आम्ही परभणीहून जिंतूरमार्गे नेमगिरीच्या दर्शनास जात असू. धर्मशाळेत उतरल्यावर वडील वहीत नाव-गाव लिहीत, आई सतरंज्या मोजून घेई आणि पहाटे बंबातील गरम पाण्यासाठी आम्हा मुलांच्या बादल्यांची रांग लागे. प्रवासातील मुक्काम म्हणजे डोक्यावर छप्पर, अंघोळीस गरम पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचे शुद्ध जेवण, एवढीच आमच्या घराची कल्पना. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या चिरंजीवांनी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून आम्हा उभयतांची जपानमधील एका उंची ऱ्योकानमध्ये एका रात्रीची सोय केली. तेथेही मूळच्या गोष्टी त्याच तीन होत्या. त्यांपैकी दोन अप्रतिम मिळाल्या. तिसरीने मात्र आम्हांस अडचणीत टाकले. हल्ली सेलू, मानवत, जिंतूर येथील व्यापारी कुटुंबेही जपानच्या सहलीस जाऊ लागली आहेत, म्हणून ती हकिकत येथे लिहीत आहे.

ऱ्योकान म्हणजे जपानी पद्धतीची पांथशाळा. आमचे ऱ्योकान अरिमा येथे होते. रोक्को पर्वताच्या पलीकडील हे गाव कोबे शहराच्या हद्दीतच येते. जपानमधील अतिप्राचीन तीन उष्णोदक स्थानांत त्याची गणना होते. सातव्या शतकात तेथे सम्राट येऊन राहिल्याची नोंद आहे आणि सोळाव्या शतकातील सेनानी हिदेयोशी याचे तर ते आवडते ठिकाण होते. आपल्या वाचकांसाठी कोबेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मोत्यांच्या व्यापारानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी कितानो भागात १९८५ साली भगवान महावीरांचे संगमरवरी मंदिर उभारले. पंथ आपला असो वा दुसरा, इतक्या दूर शिखर दिसताच पाय आपोआप वळतात. आम्ही सकाळी दर्शन घेऊन दुपारी अरिमास पोहोचलो.

दारातच पादत्राणे काढावी लागतात, ही गोष्ट सौ.ला फार आवडली. खोलीत पलंग नाही, खुर्च्यांची गर्दी नाही. गवती चटयांची, म्हणजे तातामीची जमीन, मध्ये एक बुटके मेज आणि कोनाड्यात एकच फूल. रात्री जेवण आटोपल्यावर सेवक येऊन गाद्या अंथरतात. अंगात घालावयास युकाता नावाचा सुती झगा मिळतो. त्याची डावी बाजू उजव्या बाजूवर यावी. उलट नेसवतात ते मृतास. मी नेमका उलट नेसलो होतो. आमच्या खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या प्रौढ बाईंनी काही न बोलता, हसून, हाताने खूण करून ते दुरुस्त करविले. अशा परिचारिकेस नाकाई म्हणतात.

आता स्नानाविषयी. जपानच्या १९४८ च्या कायद्यानुसार उगमापाशी पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असेल, किंवा त्यात ठरवून दिलेल्या द्रव्यांपैकी एखादे पुरेशा प्रमाणात असेल, तरच त्यास ओन्सेन म्हणता येते. अरिमाचे एक पाणी लोह व क्षारयुक्त असून हवा लागताच गंजासारखे तांबूस होते. त्यास ते ‘सोनेरी पाणी’ म्हणतात. दुसरे निर्मळ, ते ‘रुपेरी’. कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर लहान स्टुलावर बसून, बादलीने पाणी घेऊन, साबणाने सर्वांग धुवावे लागते. कुंड केवळ बसण्यासाठी आहे. तेथे साबण नाही, टॉवेलही बुडवायचा नाही. आमच्याकडे किनवट तालुक्यात उनकेश्वरचा गंधकाचा झरा आहे. त्वचारोगासाठी लोक तेथे श्रद्धेने जातात; पण कुंडात शिरण्याआधी अंग धुण्याची ही शिस्त तेथेही लागू झाली तर किती बरे होईल, असे मनात आले.

सार्वजनिक कुंडात स्त्री-पुरुषांची व्यवस्था स्वतंत्र असते. परंतु वस्त्र अजिबात चालत नाही. सौ.ने त्यास स्पष्ट नकार दिला आणि मलाही संकोचच होता. अनेक ऱ्योकानांत खासगी कुटुंब-कुंड तासाच्या हिशोबाने मिळते, काही खोल्यांना स्वतःचे कुंडही असते. आरक्षणाच्या वेळीच तशी मागणी करावी. आम्ही पाऊण तास त्या तांबूस पाण्यात बसलो. समोर देवदारांसारखी झाडे, अंगावर वाफ. तिच्या गुडघ्यांचे दुखणे त्या रात्रीपुरते तरी नाहीसे झाले. जलकायिक जीवांचा विचार तिच्या मनात आलाच. ती म्हणाली, “येथे उपसा नाही, पाणी वाहतेच आहे, तरी एकदाच बसू.” सकाळी पुन्हा जाण्याचा माझा बेत तेथेच रद्द झाला.

सहाच्या ठोक्याला भोजन आले. काइसेकी म्हणतात ते हे भोजन एकामागून एक आठ-दहा पदार्थांचे असते आणि दीड-दोन तास चालते. त्या दिवशी सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होता. चिरंजीवांनी अर्जात ‘व्हेजिटेरियन’ असे लिहून दिले होते आणि ताटात खरोखरच मांस वा मासा कोठेही दिसत नव्हता. लाखेच्या झाकणाच्या वाटीत निवळ सार आले. त्यात एक पान आणि टोफूचा तुकडा. मी दोन घोट घेतले. चव विलक्षण होती. सौ.ने वाटी हाती धरून ठेवली होती. “अहो, आधी विचारा तरी, हे कशाचे आहे?”

फोनवरील भाषांतराच्या साहाय्याने मी विचारले. नाकाईंनी सरळ मनाने उत्तर दिले: दाशी. दाशी म्हणजे जपानी पाकक्रियेचा पाया असलेले पाणी. ते बहुधा कोंबू नावाचे समुद्रशैवाल आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून किसलेला मासा, यांपासून काढतात. त्यांच्या दृष्टीने सारात मासा नव्हताच. केवळ पाणी होते. भाज्याही त्याच पाण्यात शिजल्या होत्या.

माझा चेहरा पाहून त्या बाईंना सर्व उमगले. त्यांनी केवळ वाटी नव्हे, संपूर्ण ताट उचलून नेले. दोन मिनिटांत घराच्या मालकीणबाई, ज्यांना ओकामी म्हणतात, स्वतः आल्या आणि उंबऱ्याशी गुडघे टेकून क्षमा मागू लागल्या. घड्याळात सहा वाजून अठरा मिनिटे झाली होती. सौ.ने त्यांचा हात धरून खिडकीबाहेरचा मावळता सूर्य दाखविला आणि तोंडाशी हात नेऊन ‘नंतर नाही’ अशी खूण केली. चार मिनिटांत पांढरा भात, मीठ, काकडी आणि संत्र्याच्या फोडी आल्या. घरून नेलेल्या मेतकुटाच्या डबीने उरलेले काम केले. सूर्यास्तापूर्वी तिने हात धुतले. मी मात्र त्यातलेही काही घेऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी उपवास केला आणि गावी परतल्यावर मुनिमहाराजांपुढे आलोचना केली.

दोष त्या घराचा, असे मला वाटत नाही. अतिथीला काही मागावे लागू नये, त्याच्या मनातले आधीच ओळखावे, हा त्यांच्या आतिथ्याचा अभिमान. आपला आचार नेमका उलट: विचारल्याशिवाय मुखात घालू नये. न मागता मिळणाऱ्या सुखाच्या घरात प्रत्येक वाटीला प्रश्न विचारणे असभ्य वाटते आणि त्या संकोचातच मी दोन घोट घेतले. एकतीस वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासली. अर्जातील एका शब्दावर विसंबून कधी मंजुरी दिली नाही. येथे मात्र एका शब्दावर विसंबलो.

म्हणून जाणाऱ्यांनी ‘शाकाहारी’ एवढ्यावर थांबू नये. मासळीचे दाशी नको, मासळीची पूड नको, अंडे नको, जिलेटिन नको, कांदा-लसूण नको, स्वयंपाकात वापरतात ती साके आणि मिरिन ही मद्येही नकोत, असे एकेक नाव जपानी भाषेत लिहवून किमान पंधरा दिवस आधी कळवावे आणि लेखी होकार घ्यावा. पुष्कळ घरे प्रामाणिकपणे नकार देतील. तो नकार मोलाचा समजावा. भोजनाची वेळही आधीच ठरवावी. डिसेंबरात तेथे पाचच्या आतच सूर्य मावळतो. त्या दिवसांत रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांनी भोजनासह आरक्षण करूच नये.

पैशाचेही सांगतो. दर खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचे व सकाळचे भोजन धरलेले असते. आम्हा दोघांचे सुमारे एक लाख येन, म्हणजे साठ हजार रुपयांच्या आसपास झाले. शिवाय माणशी १५० येन स्नानकर. चारजणांचे कुटुंब एका खोलीत राहिले म्हणून खर्च चौथा हिस्सा होत नाही. बक्षिसी देण्याची रीत नाही.

याच घराण्यांविषयी व्यापाऱ्यांनी ऐकावे असेही काही आहे. इशिकावा प्रांतातील अवाझु येथील होशी हे ऱ्योकान ७१८ सालचे असून एकाच घराण्याच्या ४६ पिढ्यांनी ते चालविले असे सांगतात. गादीवर येणारा प्रत्येकजण ‘झेंगोरो’ हेच नाव धारण करतो. जपानी व्यापारी घराण्यांत मुलगा नसेल वा कर्तबगार नसेल, तर जावयास दत्तक घेऊन घराचे नाव देण्याची जुनी चाल आहे. पेढीवर कोण बसणार, हा प्रश्न आपल्या किती घरांत आज अडून बसला आहे!

ज्यांना आचार सांभाळून तो अनुभव हवा, त्यांच्यासाठी वाकायामा प्रांतातील कोयासान अधिक सोयीचे. नवव्या शतकात कूकाई या बौद्ध आचार्यांनी स्थापिलेल्या या पर्वतावरील सुमारे पन्नास मठांत यात्रेकरूंना उतरता येते. तेथील शोजिन भोजनात मांस-मासा नसतो, दाशी शैवालाचे व अळंब्यांचे असते आणि कांदा-लसणासह पाच उग्र वनस्पती वर्ज्य असतात. भोजन संध्याकाळी लवकर होते. फुकुचि-इन या मठात तर उष्ण पाण्याचे कुंडही आहे. मात्र मुळा, गाजर, कमळकंद यांची तेथे रेलचेल असते, आणि तिळाच्या टोफूलाही कुझु नावाच्या मुळाचे पीठ लागते. कंदमूळ न खाणाऱ्यांनी तेही लिहून कळवावे.

अरिमा सोडताना सौ.ने उरलेल्या खाकऱ्यांचे पाकीट त्या नाकाईंच्या हाती ठेवले. त्यांनी दोन्ही हातांनी ते घेतले, कपाळाशी नेले, आणि मग फोन पुढे करून विचारले, “यात काय काय आहे?” सौ. प्रसन्न झाली आणि गहू, तेल, मीठ, जिरे असे एकेक बोट मोडून सांगू लागली. आमची बस वळणाआड जाईपर्यंत त्या दोघी, ओकामी आणि नाकाई, दारात वाकून उभ्या होत्या.