चार मात्रांचे पाच गण

शीळफाट्यावर कल्याणकडे वळणारी गाड्यांची रांग अडकली की समोरचे फलक वाचण्याखेरीज काही उरत नाही. अशाच एका संध्याकाळी एका गृहसंकुलाच्या फलकावर शंखासारखी सोनेरी वळी दिसली. इथली घरं म्हणे सुवर्णगुणोत्तरात बांधलेली. १.६१८ या आकड्यानं मला शाळेपासून पछाडलं आहे, म्हणून मनात आलं, काटई नाक्यावरून वळलं की अंबरनाथचं शिवमंदिर. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या त्या दगडांत हे गुणोत्तर का शोधू नये?

हेन्री कझिन्स यांच्या १९३१ सालच्या ग्रंथातला मंदिराचा नकाशा मिळवला. पट्टी, कर्कटक घेऊन महिनाभर बसलो. १.६१८ दोनदा निघालं, पण माप कुठून सुरू करायचं हे मीच ठरवत होतो. हवं ते सापडेपर्यंत पट्टी सरकवायची, हे मोजणं नव्हे. पार्थेनॉन आणि पिरॅमिडच्या बाबतीत हेच होत आलं आहे. जर्मनीत झाइझिंग यांनी १८५४ साली या गुणोत्तराला सौंदर्याचा सार्वत्रिक नियम ठरवलं, फेखनर यांनी लोकांपुढे दहा आयत ठेवून नोंदवलेल्या आवडीनिवडी १८७६ साली प्रसिद्ध केल्या. त्यानंतर हा आकडा पुस्तकांतून, पुढे फलकांवरून फिरत राहिला.

अंबरनाथचं मंदिर भूमिज पद्धतीचं. या पद्धतीत तारकाकृती आराखडा चौरसातून काढतात. चौरस मध्यबिंदूभोवती थोडा थोडा फिरवत नेला की त्याचे कोपरे एकाच वर्तुळावर उमटत जातात आणि भिंतीला कोन फुटतात. इथं महत्त्व बाजू आणि कर्ण यांच्या नात्याला, म्हणजे १.४१४ ला. यज्ञवेदींची मापं सांगणाऱ्या प्राचीन शुल्बसूत्रांनी ही किंमत दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत अचूक दिली होती. सुवर्णगुणोत्तर पंचकोनाच्या घरचं. ज्या सूत्रधारानं चौरस फिरवून ही भिंत उभी केली, त्याच्या कामावर दुसऱ्याच आकड्याची चिठ्ठी चिकटवणं मला अन्यायाचं वाटतं.

मंदिराच्या उत्तर दारावरच्या शिलालेखातही एक आकडा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शक ७८२ असा वाचला. ज्यांनी त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं देशभर हिंडून लेखांचे ठसे घेतले, त्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुढे तो ९८२ असा वाचला. शक ९८२ म्हणजे इ. स. १०६०, शिलाहार राजा मम्मुणीचा काळ. एका अंकानं मंदिर दोनशे वर्षं अलीकडे आलं, आणि आज हेच वाचन मान्य आहे.

शिलाहारांच्या मागे लागलो तेव्हा अनपेक्षित वाटेनं १.६१८ पुन्हा भेटलं, तेही गुजरातेत, अणहिलवाड पाटणच्या दरबारात. आचार्य हेमचंद्र यांनी ११५० च्या सुमारास छंदोनुशासन लिहिलं. प्रश्न छंदाचा होता. लघू अक्षराची (ल) एक मात्रा, गुरू अक्षराच्या (गा) दोन. तर ठरावीक मात्रांच्या ओळी किती तऱ्हांनी रचता येतील? चार मात्रांचं पाहा: गागा, गालल, लगाल, ललगा, लललल. पाच तऱ्हा. मोरोपंतांच्या आर्या ज्यांनी म्हटल्या आहेत त्यांच्या जिभेवर हे पाचही गण बसलेले असतात. पाच मात्रांच्या आठ, सहांच्या तेरा, सातांच्या एकवीस. शेवटचं अक्षर लघू असेल तर आधी एक मात्रा कमी, गुरू असेल तर दोन. म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज. विरहांक या छंदशास्त्रकाराला हे हेमचंद्रांच्याही आधी ठाऊक होतं. या संख्या आज ज्याच्या नावानं ओळखल्या जातात, त्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ सालचं. हेमचंद्रांनी गुणोत्तर काढलं नाही, त्यांना ते नको होतं. शेजारच्या दोन संख्यांचा भागाकार सुवर्णगुणोत्तराकडे सरकतो, हे केप्लरनं १६११ साली लिहिलं. चौतीस भागिले एकवीस, १.६१९.

हेमचंद्र पाटणच्या ज्या कुमारपाल राजाचे गुरू, त्यानंच कोकणच्या शिलाहारांवर स्वारी केली. मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीत कारण दिलं आहे. पाटणच्या दरबारात एका भाटानं शिलाहार राजा मल्लिकार्जुनाला ‘राजपितामह’, म्हणजे राजांचा आजा, म्हटलं. ते शिलाहारांचं रूढ बिरुद होतं, पण कुमारपालाला खपलं नाही. त्यानं अंबड नावाच्या सेनानीला धाडलं. पहिल्या खेपेला अंबड हरला आणि काळी वस्त्रं घालून परतला. दुसऱ्या खेपेला नदीवर पूल बांधून आला आणि मल्लिकार्जुनाचं शिर घेऊन गेला. पृथ्वीराजविजय या काव्यात मात्र हा पराक्रम पृथ्वीराज चौहानाचा बाप सोमेश्वर याच्या नावे आहे. माझा कल मेरुतुंगाकडे नाही, कारण त्यानं दीडशे वर्षांनी लिहिलं.

युद्ध झालं हे मात्र हेमचंद्रांनीच नोंदवलं आहे. त्यांच्या प्राकृत द्व्याश्रयकाव्यात कुमारपालाचं चरित्र आणि प्राकृत व्याकरण हातात हात घालून जातात. ओळीओळीत कथा पुढे सरकते आणि एकेका नियमाचं उदाहरणही होते. आमच्या कोकणच्या राजाचा मृत्यू त्यात आहे, शब्दरूपांच्या उदाहरणांमध्ये. मेरुतुंग सांगतो, शिर पायाशी आल्यावर कुमारपालानं अंबडाला मल्लिकार्जुनाचंच बिरुद दिलं: राजपितामह.