जागतिक बँकेचा पैसा फुकटचा नसतो! गावातल्या योजनेमागचं कर्ज फेडतं कोण?

गावात शेततळं, ठिबक किंवा गोदामाचं काम निघालं की 'जागतिक बँकेचा पैसा आलाय' अशी चर्चा पारावर सुरू होते. अनेकांना ती परदेशातून आलेली मदत वाटते. प्रत्यक्षात ते कर्ज असतं.

मदत कमी, कर्ज जास्त

१९७२ च्या दुष्काळात आलेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी जुन्या लोकांना आजही आठवते. तेव्हा भारत मदत घेणारा देश होता. जागतिक बँकेची 'आयडीए' ही शाखा गरीब देशांना अगदी सवलतीत, लांब मुदतीचं कर्ज देते. देशाचं उत्पन्न वाढल्याने २०१४ मध्ये भारत त्या यादीतून बाहेर पडला. आता कर्ज मिळतं ते 'आयबीआरडी' या दुसऱ्या शाखेकडून, बाजाराशी जोडलेल्या व्याजदराने.

पोकराचं उदाहरण

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच 'पोकरा', २०१८ मध्ये १५ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यासाठी जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. खर्चाचा ७० टक्के वाटा या कर्जातून, तर ३० टक्के राज्य सरकारचा.

रुपया घसरला तर?

असं कर्ज केंद्र सरकारमार्फत, त्याच अटींवर राज्याकडे येतं. डॉलर महागला की हप्ताही रुपयांत वाढतो आणि बोजा राज्याच्या तिजोरीवर पडतो.

जगात काय चाललंय?

श्रीमंत देशांची मदत सलग पाच वर्षं वाढल्यानंतर २०२४ मध्ये घटली. अमेरिकेच्या 'यूएसएआयडी' या संस्थेचं परदेशी मदतीचं काम १ जुलै २०२५ पासून थांबलं. आफ्रिकेतल्या अनेक गरीब देशांत औषधोपचार आणि अन्नवाटप याच पैशावर चालायचं, त्यामुळे तिथे मोठा फटका बसला. दुसरीकडे भारत स्वतःच मदत देऊ लागलाय. २०२२ च्या आर्थिक संकटात श्रीलंकेला भारताने सुमारे ४०० कोटी डॉलरचा आधार दिला.

गावकऱ्यांनी काय लक्षात ठेवायचं?

शेतकऱ्याला मिळालेलं अनुदान त्याला परत करायचं नसतं. पण मूळ कर्ज सगळ्यांच्या करातून फिटतं. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत कर आपणही भरतोच. त्यामुळे काम निकृष्ट झालं, तळं कागदावरच राहिलं, तरी हप्ता चुकत नाही. म्हणूनच आपल्या गावात किती कामं मंजूर झाली, किती पूर्ण झाली आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले, हे ग्रामसभेत विचारायला लाजू नका. माहिती अधिकारातही ते मागता येतं.