एकट्याने वेळावदर : हजिऱ्याहून काळविटांच्या माळावर

दिवाळी झाली की आपल्या मंडळात सहलीची बोलणी निघतात. बस ठरते, नावे येतात आणि शेवटी सापुतारा किंवा शिर्डी नक्की होते. जंगल कधीच ठरत नाही. ५० माणसांना जंगल झेपत नाही आणि जंगलालाही ५० माणसे झेपत नाहीत. मग ज्यांना हौस आहे ते सोबतीची वाट पाहत बसतात. आम्हीही निवृत्तीनंतर चार वर्षे अशीच वाट पाहिली आणि शेवटी एकटेच निघालो. आतापर्यंत दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला चुकलो, दुसऱ्या खेपेला जमले.

राष्ट्रीय उद्यान म्हटले की गीर किंवा ताडोबा डोळ्यांसमोर येते. पण सुरतकराने पहिल्यांदा एकट्याने जायचे तर वेळावदर बरे, असे आमचे मत. भावनगरपासून साधारण ४०-४५ किमीवर भाल प्रदेशात हे काळविटांचे उद्यान आहे. क्षेत्र अवघे ३४ चौरस किमी, तेही बहुतेक सपाट गवताळ. ही पूर्वी भावनगर संस्थानची राखीव कुरणे होती आणि पाळलेले चित्ते सोडून इथे काळविटांची शिकार चाले. १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. चित्ते गेले, काळवीट राहिले.

रस्त्याने घोघ्याला जायचे तर खंबातच्या आखाताला वळसा घालून सुमारे ३७० किमी पडतात. नोव्हेंबर २०२० पासून हजिरा-घोघा रो-रो फेरी सुरू झाली आणि हेच अंतर समुद्रातून ९० किमीवर आले. साधारण चार तास लागतात. गाडी न नेता नुसते माणसाचे तिकीट काढूनही जाता येते, ही एकट्यासाठी मोठी सोय. घोघ्याहून भावनगर २० किमीच्या आसपास. मात्र दिवाळीत हिऱ्याचे कारखाने बंद झाले की सौराष्ट्रात गावी जाणाऱ्यांची झुंबड उडते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. डिसेंबर ते फेब्रुवारी, आठवड्याच्या मधला वार उत्तम. १६ जून ते १५ ऑक्टोबर उद्यान बंद असते. तणमोर पावसाळ्यातच तिथल्या गवतात विणीला येतो, त्यामुळे तो पाहायची आशा आपण सोडलेली बरी.

आता हिशोब. बी.कॉम.ला शिकलेला स्थिर आणि बदलता खर्च इथे उपयोगी पडला. फेरीचे तिकीट, जेवण, चहा हे माणशी. पण उद्यानाचा परवाना, गाईड आणि भावनगरहून केलेली टॅक्सी हे गाडीमागे. गाडीत सहा जण असोत की एक, आकडा तोच. म्हणजे एकट्याची सहल स्वस्त होईल हा समज प्रवेशद्वारातच गळून पडतो. प्रवेशद्वाराशी एखादे जोडपे भेटेल आणि खर्च वाटून घेऊ, या भरवशावर जाऊ नका. पूर्ण गाडीचा खर्च धरूनच निघा. कोणी भेटले तर तो नफा. खर्च कमी करायचा असेल तर फेऱ्या कमी करा. एकच फेरी परवडत असेल तर थंडीतली संध्याकाळची घ्या.

कारण सांगतो. दिवस कलला की भोवत्या नावाचे शिकारी पक्षी चहूकडून येऊ लागतात. ते हिवाळ्यात उत्तरेकडून येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर उतरून झोपतात. त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जगातल्या मोठ्या जागांमध्ये वेळावदरची गणना होते. आधी दोन दिसले, मग दहा, मग आम्ही मोजणे सोडले. (बँकेत असे कधी केले नव्हते.) काळवीट तर पहिल्या पाच मिनिटांतच दिसतात : पिळाच्या शिंगांचे काळे नर, फिकट तपकिरी माद्या. नशीब असेल तर लांडगाही दिसतो. आम्हाला नीलगाय आणि कोल्हा दिसला. एकट्याने जाण्याचा फायदा इथे कळला. गाडी अर्धा तास एका जागी उभी करायला कोणाची परवानगी लागली नाही.

आता पहिल्या खेपेची चूक. भावनगरला पोहोचलो तेव्हा मुलीला फोन केला, नंतर नाही. दिवसभर फोटो काढले आणि दुपारनंतर फोनची बॅटरी संपली. रात्री नऊला हॉटेलवर येऊन फोन चार्जिंगला लावला तर अठ्ठावीस मिस्ड कॉल. तोवर मुलीने पुण्याहून अडाजणच्या आमच्या शेजाऱ्यांना उठवले होते. आम्ही कोणत्या हॉटेलात उतरलो हे कोणालाच ठाऊक नव्हते. चार माणसे बरोबर असली की बेत चौघांच्या डोक्यात असतो. एकटा गेलो तर तो फक्त आपल्याच डोक्यात. "आता एकटे जायचे नाही," असे तिने बजावले आणि ते खरेच वर्षभर चालले.

दुसऱ्या खेपेला एक पानाचा कागद केला. फेरीची वेळ, हॉटेलचे नाव व फोन, टॅक्सीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाईल, उद्यानात शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ, औषधांची यादी, रक्तगट. प्रत मुलीला आणि शेजाऱ्यांना. फोन दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. त्यानंतर तासभर फोन आला नाही तर प्रथम ड्रायव्हरला विचारायचे, हेही लिहिले. फोटोंसाठी जुना कॅमेरा नेला, फोन खिशात ठेवला. मुक्काम उद्यानाशेजारी न करता भावनगरला केला. पहाट हुकते, पण रात्री-अपरात्री डॉक्टर आणि औषधाचे दुकान जवळ असते. परतीचा एक दिवस मोकळा ठेवला. समुद्राच्या मनात नसेल तर भावनगरहून सुरतेला बस आहेतच.

ओळखपत्र मूळ न्यावे, पाणी भरपूर, टोपी हवीच. माळावर सावली नाही. दुर्बीण नसेल तर उसनी घ्या, पण घ्या.

कागदाचा कोरा नमुना आम्ही मंडळाच्या वाचनालयात ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी झेरॉक्स काढून न्यावा.