गाण्यातला शब्द हरवू नये

भीमजयंती जवळ आली की भायखळ्याच्या चाळींत ढोलकी-पेटीवर गाण्यांचा सराव रंगतो. रोलँड कंपनीचे व्हीएस-८८० हे आठ ट्रॅकचे यंत्र १९९६ साली आले. अशा डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर घरच्या खोलीतही गायक, कोरस, पेटी, ढोलकी यांचे वेगवेगळे ट्रॅक घेता येतात. पण सगळे एकत्र केले की पेटी गळ्यावर चढते आणि शब्द बुडतात. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी शब्दांच्या बळावरच बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. तो शब्दच ऐकू आला नाही, तर गाण्याचा उपयोग काय?

येथे इक्वलायझर कामी येतो. टेपवरच्या बास-ट्रेबलचेच हे बारीक रूप. नियम साधा आहे : वाढवण्याआधी कमी करा.

गायकाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. लोकलची धडधड, पंख्याची घरघर बरीच उतरते. शब्दांचा स्पष्टपणा मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झमध्ये असतो. तिथे गायकाला चढवण्यापेक्षा पेटी दोन-तीन डेसिबल उतरवा. ढोलकी फार घुमत असेल, तर २०० हर्ट्झच्या आसपास थोडे कमी करा.

एकेक ट्रॅक सुटा ऐकून ठरवू नका. सर्व एकत्र वाजवूनच बदल करा. मूळ ट्रॅक मात्र जसेच्या तसे जपा, म्हणजे चुकले तरी पुन्हा करता येते.

शेवटी हे गाणे मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर घरातल्या आजीला ऐकवा. तिला पहिल्यांदाच सगळे शब्द कळले, म्हणजे मिक्सिंग जमले.